मुंग्यांची रांग कुठे जाते, ते आधी बघा

पत्र: घरात दहा महिन्यांचं रांगतं बाळ आहे आणि एक मांजर आहे. स्वयंपाकघरात वर्षभर झुरळांचा त्रास आहे. दर शनिवारी रात्री फवारा मारते, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. तीन महिन्यांपूर्वी माणूस बोलावून घरभर औषध मारून घेतलं. त्यानंतर कपाटांत जेलही लावलं, पण झुरळं त्याला शिवतसुद्धा नाहीत. गॅलरीतल्या जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड पडली आहे. तिच्यावरही तोच फवारा मारला, तर महिन्याभरात ती दुप्पट झाली. काळ्या मुंग्यांची रांग गॅलरीतून थेट ओट्यापर्यंत येते. आणि गेल्या आठवड्यात माळ्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या. सासूबाई म्हणतात, घरात विष आणूच नका. हे म्हणतात, दर महिन्याची फवारणी लावून टाकू. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई,

शनिवारचा फवारा थांबवा. बाकीचं सगळं खाली सविस्तर लिहिते, पण पुढचं वाचायला वेळ झाला नाही तरी एवढं आजपासून करा. बाळ रांगतंय आणि रांगता रांगता हात तोंडात घालतंय. मांजर फरशीवर लोळतं आणि मग अंग चाटून साफ करतं. तुम्ही फवारा झुरळांवर मारता, पण तो उतरतो फरशीवर. बाहेर ऊन-पाऊस औषधाचा जोर मोडतात. घरात दोन्ही नाहीत, त्यामुळे कोपऱ्या-कोपऱ्यांत ते बरेच दिवस टिकतं. घरगुती फवाऱ्यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटाचं औषध असतं. माणसाचं शरीर ते बऱ्यापैकी लवकर मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. मांजराला लाळ सुटली, अंग थरथरलं, चाल डळमळली, तर घरी उपाय करत बसू नका. औषधाचा डबा बरोबर घेऊन सरळ पशुवैद्याकडे जा.

आता जेलबद्दल. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण गोम तिथेच आहे. जेल हे आमिष असतं. झुरळानं ते आवडीनं खायला हवं, पोटात घेऊन बिळात परतायला हवं आणि तिथे मरायला हवं. मग त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग बिळातली पिल्लं खातात आणि तीही मरतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी औषध पोचवायचं काम झुरळ स्वतःच करतं. पण ज्या कपाटात आधी फवारा मारलाय, तिथे झुरळ जेलकडे फिरकतच नाही. फवाऱ्यातलं औषध त्याला हुसकावून लावणारं असतं. जेलवर त्याचे तुषार बसले की आमिषच बाटलं. म्हणजे एका हातानं ताट वाढायचं आणि दुसऱ्या हातानं पाहुण्याला हाकलायचं, असं झालं. फवारा मारल्यावर ती सैरावैरा पळतात, तेव्हा काही मरतात आणि उरलेली शेजारच्या कपाटात, दाराच्या चौकटीत, फ्रिजच्या मोटरीमागे नवी घरं करतात. दोन दिवसांनी तीच परत दिसतात.

तुमची झुरळं कोणती आहेत, ते पत्रात नाही. एकदा टॉर्च घेऊन नीट बघा. बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढं, फिकट तपकिरी, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या समांतर रेघा असतील, तर ते जर्मन झुरळ. हे घरातच जन्मतं आणि घरातच मरतं. मादी अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला धरून हिंडते. एका कुपीत 30 ते 40 अंडी असतात आणि ती फुटायच्या जेमतेम दिवसभर आधी ती कुपी टाकते. कुपीच्या आत फवारा पोचत नाही, त्यामुळे आज मोठी मेली तरी पुढच्या आठवड्यात नवी फौज उभी राहते. याउलट दीड इंचाच्या आसपासचं, लालसर तपकिरी, पंख असलेलं दिसलं, तर ते बहुधा गटारातून वर आलेलं असतं. त्याला आत जेल लावत बसण्यापेक्षा बाथरूमच्या आणि सिंकच्या जाळ्या बदला, पाइप भिंतीत शिरतो तिथली मोकळी जागा बुजवा.

झुरळं जर्मन असतील तर असं करा. ज्या कपाटांत फवारा मारलाय, ती रिकामी करा. साबणाच्या कोमट पाण्यानं आतून दोनदा पुसा आणि वाळू द्या. मग कीटक पकडायच्या चिकट पट्ट्या आणा आणि तीन-चार ठिकाणी ठेवा: सिंकखाली, फ्रिजमागे, ओट्याखालच्या कोपऱ्यात. मांजर आणि बाळ पोचणार नाही अशीच जागा निवडा. तीन रात्रींनी कुठल्या पट्टीवर किती अडकली ते लिहून ठेवा. जिथे सगळ्यात जास्त आणि त्यातही पिल्लं असतील, तिथेच त्यांचं घर. आता जेल फक्त तिथे लावायचं, घरभर नाही. मोठे फर्राटे ओढू नका. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे ठिपके पुरे. बिजागरीच्या मागे, फळीच्या खालच्या बाजूला, फटीच्या तोंडाशी. आठवड्यानं जाऊन बघा. ठिपके खाल्लेले असतील तर नवे लावा, सुकून गेले असतील तर खरवडून बदला.

दोन आठवड्यांत शिवलंच नाही, तर दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या औषधाचं जेल घ्या. याला कारण आहे. काही झुरळांच्या पिढ्यांना ग्लुकोजची गोडी कडू लागायला लागली, कारण गोड आमिष खाणारी मरत गेली आणि न खाणारी उरली. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा 1993 मध्ये नोंदवली. फवाऱ्याच्या बाबतीतही असंच घडलंय, पायरेथ्रॉइड पचवणारी जर्मन झुरळं जगभर आहेत. म्हणजे तुमचा दर शनिवारचा फवारा दुबळी तेवढी झुरळं मारतो आणि चिवट झुरळं मागे ठेवतो.

पण जेलपेक्षाही मोठं काम पाण्याचं आहे. हे झुरळ अन्नाशिवाय महिनाभर तग धरतं. पाणी तुटलं की दोन आठवड्यांच्या आत बहुतेक मरतात. रात्री झोपायच्या आधी सिंक कोरडं पुसा, ओलं फडकं आणि घासणी वाळत घाला, मांजराचं पाण्याचं भांडं रात्री स्वयंपाकघराबाहेर ठेवा. सिंकखालच्या पाइपाचा सांधा हातानं चाचपून बघा. दिवसाला चार थेंब गळत असले तरी एवढ्या किड्याला ते पुरतात. फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे कित्येक घरांत वर्षानुवर्षं कुणी ओढून बघितलेला नसतो, तो काढा. आणि कुंड्यांखालच्या बश्या. त्यांत साचलेल्या पाण्यावर झुरळंही येतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांचीही सोय होते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बशीच्या काठाला चिकटलेली अंडी सुकी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून बशी नुसती ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा घासणीनं घासायची.

आता गॅलरीत या. तुमची मुंग्यांची तक्रार आणि जास्वंदीची तक्रार तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात. मला वाटतं, त्या एकच आहेत.

उद्या सकाळी पाच मिनिटं काढा आणि मुंग्यांची रांग उलट्या दिशेनं बघा. ओट्याकडे कुठे येतात ते नव्हे, निघतात कुठून ते. मला जवळजवळ खात्री आहे की रांगेचा एक फाटा जास्वंदीच्या खोडावर चढत असेल. ती पांढरी कापसासारखी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि मागून गोड चिकट द्रव सोडतो. मुंग्यांना हा द्रव हवा असतो. त्यासाठी त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात, त्याची पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊनही ठेवतात. पानांना हात लावून बघा, चिकट लागतील. खालच्या पानांवर काजळीसारखा काळा थर धरला असेल, तर ती त्या गोड द्रवावर वाढलेली बुरशी आहे. ती ओल्या फडक्यानं पुसली जाते, तिची वेगळी काळजी नको.

तेव्हा आधी मुंग्यांची वाट तोडा. जास्वंदीच्या खोडाला, मातीपासून वीतभर वर, कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि त्या पट्टीवर व्हॅसलीनचा जाड थर लावा. थेट सालीवर लावू नका. झाडाची एकही फांदी भिंतीला, कठड्याला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली नको, नाहीतर मुंग्या पूल करून पोचतात. घरात ओट्यावरची रांग साबणाच्या पाण्यानं पुसा. मुंग्या जाताना गंधाची रेघ ओढत जातात आणि मागच्या त्या रेघेवरून येतात. साध्या पाण्यानं ती नीट जात नाही, साबणानं जाते. मग दाराच्या चौकटीची फट बुजवा.

वारूळच संपवायचं असेल तर बोरिक ॲसिडचं आमिष चांगलं काम करतं: 100 मिली पाणी, 10 ग्रॅम साखर आणि फक्त 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. जास्त घातलं तर लवकर मरतील, असा मोह होतो. पण मग कामकरी मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. सौम्य असलं की ती आठवडा-दोन आठवडे ने-आण करत राहते. कापसाचा बोळा यात भिजवून झाकणाच्या डबीत ठेवा, डबीला सुईनं भोकं पाडा, आणि डबी गॅलरीत उंचावर, रांगेच्या वाटेवर पक्की बांधा. बाळाच्या आणि मांजराच्या आवाक्याबाहेर, हे पुन्हा सांगते. बोरिक पावडर घराघरांत असते म्हणून ती निरुपद्रवी आहे असा समज आहे. पूर्वी बाळांच्या पुरळावर ती लावत, आणि त्यातून बाळं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. ती बाटली औषधांच्या कुलूपबंद कप्प्यातच ठेवा.

आता कीड. तुम्ही फवारा मारलात आणि ती वाढली, यात नवल नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यावरून औषध घरंगळून जातं. फवाऱ्यानं मेले ते बहुधा त्याला खाणारे किडे. हे फार मोठ्या प्रमाणावर एकदा घडलंय. ऑस्ट्रेलियातून आलेल्या कापूसकिडीनं कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागा संपवत आणल्या होत्या. तेव्हा 1888 मध्ये ऑस्ट्रेलियातूनच तिला खाणारा ढालकिडा आणून सोडला. दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली आणि पुढची कित्येक दशकं आटोक्यात राहिली. मग 1940 च्या दशकात त्याच बागांवर डीडीटी फवारलं गेलं. ढालकिडे मेले आणि कापूसकीड पुन्हा उसळली. तुमच्या गॅलरीत महिन्याभरात तेच झालंय.

जास्वंदीला एवढं करा. खूप भरलेले शेंडे कापा आणि पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पानाखालून आणि फांदीच्या बेचक्यांतून. मग कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पांढरा पुंजका पुसा. स्पिरिटनं मेण विरघळतं. हे काम किचकट आहे, पण एका झाडाला अर्धा तास पुरतो. त्यानंतर एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब, खळखळून ढवळून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. मांजर फवारा वाळेपर्यंत आत. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन किड्याला लगेच मारत नाही. त्याची खायची इच्छा मरते आणि त्याला कात टाकता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कीड दिसली तर निराश होऊ नका. एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात आणि ती पुढे फुटतात, त्यामुळे दर सात दिवसांनी, असं तीन-चार वेळा करावं लागेल. या काळात नत्राचं खत थांबवा. खत घातलं की कोवळे लुसलुशीत शेंडे फुटतात आणि रस शोषणाऱ्या किडींना तेच हवं असतं.

मातीत घालायचं आंतरप्रवाही औषध कुणी सुचवलं तर फुलझाडाला नको. ते मुळातून वर चढतं आणि मधातही उतरतं. फुलावर आलेली मधमाशी तेच पिते.

आणि एक गोष्ट अगदी जवळून बघायला सांगते, कारण माझ्या हातून ती चूक झाली आहे. माझ्या सीताफळावर पिठ्या ढेकूण पडला होता. तो पुसताना मला त्यातच काही मोठे, जास्त झुलपे असलेले पांढरे किडे दिसले. मी ते हेच मोठे झालेले, असं समजून सगळे वेचून काढले. महिन्यानं कळलं की त्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. त्या पिठ्या ढेकूण खाऊनच वाढतात आणि दिसतातही त्याच्याचसारख्या, पांढऱ्या मेणाचे दोरे अंगभर घेऊन. मला त्याचं अजून वाईट वाटतं. फरक असा आहे: पिठ्या ढेकूण बसल्या जागी चिकटून असतो, काडीनं डिवचलं तरी जेमतेम हलतो. ही अळी त्याच्या जवळपास दुप्पट मोठी असते आणि भराभर चालते. चालणारा पांढरा किडा दिसला तर त्याला सोडून द्या, त्या फांदीवर स्पिरिट आणि तेल दोन्ही लावू नका. तसंच पानावर केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली, तर ती क्रायसोपा नावाच्या, झाडाला उपयोगी पडणाऱ्या कीटकाची. त्याच्या अळ्या मावाही फस्त करतात.

उंदराचं थोडक्यात. विषाच्या वड्या टाकू नका. त्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या असतात. उंदीर खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा मरतो, बहुतेक वेळा अशा फटीत की वासावरूनच कळतं. तोवर सुस्तावलेला हिंडतो आणि तुमचं मांजर त्याला सहज पकडतं. मग विष मांजराच्या पोटात. चिकट पाटही नको, त्यावर पाली अडकून हाल होऊन मरतात. ती पाल तुमच्या घरातले किडेच खात असते. सापळा लावा, खटक्याचा असेल तर खोक्याच्या आत, भिंतीला चिकटून, कारण उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. ते भोक स्टीलच्या काथ्यानं भरून वर सिमेंट लावा. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून आधी त्यावर पातळ ब्लीचचं पाणी टाका, दहा मिनिटांनी कागदानं उचला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

धान्याला किंवा माळ्यावर ठेवायला म्हणून कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरात शिरूही देऊ नका. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांनाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. या एका बाबतीत मी कुणाचंही दुसरं मत ऐकून घेणार नाही.

राहिलं घरातलं भांडण. सासूबाईंचं म्हणणं बाळाच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण झुरळं तशीच राहू देणंही बाळाला बरं नाही. त्यांची विष्ठा आणि टाकलेली कात यांची धूळ श्वासात जाऊन लहान मुलांना दमा लागू शकतो, आधीचा असेल तर वाढतो. म्हणजे काहीतरी करायला हवं, हे यजमानांचं म्हणणंही खरं. त्यांना सांगा, माणूस बोलवायला माझी ना नाही, महिन्याच्या फवारणीला आहे. बोलावलाच तर दारातच विचारा: औषधाचं नाव काय, लेबल दाखवा, कुठे लावणार? फटीत आणि बिजागरीत जेल लावीन म्हणाला तर आत घ्या. आल्या आल्या पंप काढून फरशी भिजवायला लागला तर परत पाठवा. सासूबाईंना रात्रीचं सिंक कोरडं करायचं आणि पट्ट्या मोजायचं काम द्या. ज्यांना विष नको असतं, त्यांचा हात पाण्याच्या शिस्तीत फार चांगला बसतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

घरात उरलेला फवारा आणि तीन महिन्यांपूर्वीच्या औषधाची बाटली असेल तर ती मूळ डब्यातच, लेबलासकट, कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नका आणि सिंकमध्येही नको. पायरेथ्रॉइड पाण्यातून नाल्यात गेलं की मासे मारतं.

तीन आठवड्यांनी मला दोन गोष्टी कळवा: प्रत्येक चिकट पट्टीवर पहिल्या आणि शेवटच्या तीन रात्रींत किती झुरळं होती, आणि व्हॅसलीनच्या वेढ्याच्या वर मुंगी दिसते का. फांदीवर चालणारे पांढरे किडे दिसले, तर पुसायच्या आधी फोटो पाठवा.